उरलेली अडीच मिनिटं

खानापुरात, स्टेशनकडं उतरणाऱ्या रस्त्याला
ईरण्णा बडिगेरचं दुकान होतं.
पाटीवर एकच नाव, दोन लिप्यांत.
आत एका बाकाएवढी जागा.
साठची कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली
की आठवड्यानं भरून मिळायची.

यादी मालाक्का करायची.
पिना उचकटून काढलेल्या वहीच्या मधल्या पानावर
नंबर घालून, एखादं खोडून,
खाली पुन्हा तेच लिहून.
सिनेमा आठवला नाही तर
‘ज्यात ती सायकलवरनं येते, त्यातलं’
एवढंसुद्धा पुरायचं.
ईरण्णाला मराठी वाचता येत होतं का
मला अजून ठाऊक नाही.
यादी तो आमच्याकडनंच वाचून घ्यायचा, डोळे मिटून,
मधेच एक ओळ गुणगुणायचा,
"हेच न्हवं?"
हेच.

एका रात्री कुणीतरी
पाटीच्या अर्ध्या भागाला डांबर फासलं.
कुठल्या अर्ध्याला, ते सांगत नाही.
दोन्हीकडची पोरं
आठवड्यानं आपापली कॅसेट न्यायला आलीच.

बाबा कौलांच्या कारखान्यातनं यायचे,
कानाच्या पाळीवरही तांबडी धूळ.
चप्पल काढता काढता विचारायचे,
"काय ऐकुलैस गं?"
ती घाईनं आवाज कमी करायची.
"असूंदे की," म्हणायचे.
गाण्यांविषयी त्यांचं मत
मी एवढंच ऐकलं.

पण मला सांगायचंय ते शेवटाचं.
तीस मिनिटांच्या बाजूत
गाणी कधी नेमकी बसत नाहीत,
दोन-अडीच मिनिटं उरतातच.
ईरण्णाला कोरी फीत बघवायची नाही.
मापून झाल्यावर वाणी वरनं मूठभर टाकतो,
तसं तो टाकायचा
यादीत नसलेलं, स्वतःच्या आवडीचं
एक कन्नड गाणं.
ते मधेच तुटायचं.
बासरी थांबायची, बाई दुसरं कडवं उचलायची,
एकच शब्द, आणि
खट्ट.

मी म्हणायचो, मुरली.
आत्ताच तर बासरी वाजली, मुरलीच म्हणणार.
मालाक्का म्हणायची, मुराळी.
नवऱ्याघरी तिला न्यायला कुणीतरी आलंय.
यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

तिला बैलहोंगलला दिली.
पंचमीला मुराळी म्हणून मीच गेलो,
मांडीवर चुरमुऱ्यांची पिशवी, दोन एस्ट्या बदलून.
चुलीपुढं ती सासूशी कन्नडमध्ये बोलत होती,
अडखळत, चुकलेला शब्द परत घेत.
मला बघून मराठीत आली
तीही अडखळतच.
परतीच्या एस्टीत, एमके हुबळीच्या पुढं कुठंतरी,
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"मुराळी न्हवं रे ते. मरळि.
मरळि म्हणजे परत."
मी म्हटलं, मुरली तरी नाहीच ना?
हसली नाही.

परवा तिच्या नातवानं मोबाईलवर
ते अख्खं गाणं शोधून लावलं.
स्वच्छ. मागची खरखर नाही,
फीत ओढल्यासारखा आवाज नाही,
बाई अगदी शेजारी बसून गातेय.
बासरी थांबली. मरळि, म्हणाली बाई,
आणि आम्ही दोघांनी एकदम
समोर नसलेल्या टेपकडं हात नेला.

गाणं पुढं चाललं.
अजून चार ओळी होत्या, एक आलाप,
कुणाकडं तरी परत जाण्याचं काहीतरी असावं.
चांगलं असेल. आमचं नव्हतं.
पोरगं विचारत राहिलं, काय झालं, आवडलं नाही?

मालाक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला.
"पहिल्यापासनं लाव," म्हणाली,
"आणि मी सांगते तिथं
बंद कर."